नदीने चाळलेली माती

माठकाकूंना तोंडावर माठकाकू म्हणायची कुणाची छाती नव्हती. समोर सगळे नुसतं ‘काकू’ म्हणायचे, आणि त्यांची पाठ वळली की माठकाकू. त्यात टिंगल थोडी आणि आदर जास्त, कारण पाण्याचे माठ घडवण्यात त्यांचा हात धरणारं नदीकाठी दुसरं कुणी नव्हतं. फुगवून सांगत नाही. त्यांच्या माठावर टिचकी मारली की खणखणीत आवाज यायचा, आणि ऊन मी म्हणत असताना त्यातलं पाणी प्यायलं की भांडायला आलेला माणूससुद्धा आधी ‘हाऽऽ’ करायचा आणि मग भांडायचा.

घराच्या मागं नदीकडं उघडी असलेली लांब पडवी, तिथं चाक. भिंतीला लागून ओल्या गोणपाटाखाली झाकलेले मातीचे गोळे, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेली लाकडी थापी, फळीवर वाळत घातलेले माठ, आणि अंगणाच्या टोकाला काजळीनं काळी झालेली भट्टी. चाकावर काकू, भट्टीवर काका. यावरून कुणी काकांना डिवचलं तर ते म्हणायचे, “बाबांनो, मी माठ करायला बसलो की ताटली होते. जिचं काम तिनं करावं, आपण जाळ घालावा.” आणि जाळ घालण्यात काका खरंच पटाईत होते. ज्वाळेच्या रंगावरून आत माती शिजली की नाही हे ते ओळखत.

या घराचा एक तोरा होता. बाकीचे कुंभार माती भिजवतात, कालवतात, फडक्यातून गाळतात, चाळतात. या घरात चाळणी होती ती फक्त पिठाची. दर वर्षी पूर यायचा, अंगणामागच्या खोलगट जागेत पाणी शिरून बसायचं आणि ओसरताना मऊ मातीची साय मागं ठेवून जायचं. हातानं उचलावी, मळावी, चाकावर टाकावी. सासूबाईंनी काकूंना लग्नानंतर पहिली शिकवण दिली ती हीच, “नदीने चाळलेलं माणसाने पुन्हा चाळू नये. तो तिचा अपमान.” काकूंनी ते वाक्य असं गाठीला बांधलं की पुढं सासूबाई गेल्या तरी वाक्य काही गेलं नाही.

काकूंचं माहेर याच नदीच्या काठी, पण बरंच वर. तिथल्या खोऱ्यात धरण झालं आणि माहेरचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. लोकांना वरच्या टेकडीवर वसवलं. आईवडील त्याआधीच गेले होते. थोरला भाऊ टेकडीवर राहायला गेला आणि हळूहळू त्या वस्तीचा कारभारी झाला. कारभारी दादा वर्षाकाठी एखाद्या वेळी खाली बहिणीकडे यायचा, जेवायचा, निघायचा. काकू मात्र धरण झाल्यापासून एकदाही वर गेल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “काय बघायला जाऊ? पाणी?” आणि थापी अशी आपटायच्या की विचारणाऱ्यानं दुसरं काही विचारूच नये.

धरण झाल्यावर खाली आमच्याकडं सगळे खूश. पूर बंद! वर्षानुवर्षं अंगणात घुसणारी नदी पहिल्यांदाच आपल्या पायरीनं वागली. भट्टी भिजली नाही, घरातलं सामान माळ्यावर चढवावं लागलं नाही, आणि शिवाय घराघरात वीज आली. पाणी तर असं नितळ झालं की तळाचा गोटा मोजावा. लोक म्हणाले, नदीला शिस्त लागली. लागली खरी. पण शिस्तीच्या माणसाच्या घरी जेवायला काय मिळतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढं हळूहळू कळायला लागलं. पूर नाही तर अंगणामागं साय नाही. नितळ पाणी म्हणजे मातीविना पाणी, हे आधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वाळूचे उथळ पट्टे होते तिथं झुडपं माजली, कारण त्यांना उपटून न्यायला पूरच येत नव्हता. मधलं पात्र मात्र खाली खाली चाललं. वाळू गेली, खडी गेली, मोठे धोंडे उरले. धुण्याच्या पायऱ्या हवेत लोंबायला लागल्या. काठ ताठ उभा झाला आणि त्याच्या दरडी धपाधप कोसळायला लागल्या. त्यात वर वीज करायला पाणी सोडलं की नदी चढायची, बंद केलं की उतरायची. बायका धुणं घेऊन जायच्या तर कधी गुडघाभर पाणी, कधी नुसता चिखल. एक म्हातारी नदीला म्हणालीसुद्धा, “अगं बये, तुझं एकदा काय ते ठरव!”

काकूंनी साठवणीतली माती पुरवून पुरवून वापरली. आधी मोठे माठ बंद केले, मग मधले. शेवटी भिंतीलगतची गोणपाटं सपाट पडली. काका एका सकाळी घसा खाकरून म्हणाले, “मी म्हणतो, चाक विकू या का? रस्त्याकडच्या खोलीत दुकान टाकू. प्लॅस्टिकच्या बादल्या, पिंपं...”

“टाका की,” काकू म्हणाल्या. “आधी मला नदीत टाका, मग बादल्या आणा.”

“अगं, मी आपलं सुचवलं.”

“तेच म्हणते मी. सुचतं कसं तुम्हाला?”

पण त्यांनाही कळत होतं. माती नाही तर चाक नाही, आणि चाक नाही तर त्या कोण? दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि दुसरं काही व्हायचंही नव्हतं.

आणि मग नदीनंच हात दिला असं वाटलं. एक मोठी दरड कोसळली आणि तिच्यामागं, पूर्वीच्या तळाच्याही खाली, निळसर मातीचा जाड थर उघडा पडला. काकू घसरत खाली उतरल्या. चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. कचकच नाही, चिकण अशी की बोटाला सोडेना. त्या तिथं उभ्या राहून रडल्या. काका वरून ओरडत होते, “काय झालं? पाय मुरगळला का?” आणि या खालून ओरडत होत्या, “माती! अहो, माती दिली तिनं!”

नदीने दिलेली माती. मग ती चाळायची कशाला? सासूबाईंचं वाक्य गाठीला होतंच. भिजवली, मळली, टाकली चाकावर. आणि काय माठ उतरले! काकूंनी मनसोक्त मोठे घडवले. काकांनी भट्टी अशी लावली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. माठ निघाले, टिचकी मारली, खणखणीत. शाळेनं नेले, दवाखान्यानं नेले, धरणावरच्या वसाहतीतनं गाडी आली ती भरून गेली. काकूंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुना रुबाब आला.

त्या निळ्या मातीत मोहरीएवढे चुनखडीचे कण होते. तसे विरळ, चिमटीत सापडले नाहीत, जिभेला लागले नाहीत. भट्टीत त्यांचा चुना झाला, आणि चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो. माठात पाणी भरलं. थोडे दिवस गेले आणि एका माठाच्या पोटावरनं टक्कन् टिकलीएवढा टवका उडाला, आत पांढरा ठिपका. मग दुसऱ्याच्या. मग सगळ्यांच्या. शाळेत गुरुजी शिकवत असताना कोपऱ्यातला माठ टकटक करायला लागला आणि पोरं हसून हसून लोळली. दवाखान्यात तर माठाचं बूडच सुटलं. साध्या फडक्यातून माती गाळली असती तर ते कण बाहेर पडले असते. नवशिक्या कुंभारानंसुद्धा गाळली असती. चुकणार होतं ते हेच घर, कारण न चाळण्याचा तोरा याच घराचा.

काकूंनी दोन दिवस चाकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हातगाडी काढली आणि दारोदार जाऊन आपले माठ परत घ्यायला लागल्या. लोक म्हणाले, अहो काकू, राहू द्या, होतं कधी कधी. “होतं ते तुमच्याकडे,” काकू म्हणाल्या. “माझ्याकडे होत नव्हतं.” शाळेतल्या पोरांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की माठ फुटले ते माझ्या घमेंडीनं, तुमच्या धक्क्यानं नाही. एका पोरावर फुकट आळ आला होता म्हणून हे मुद्दाम सांगायला गेल्या. अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे आपण सगळे ‘माल जातानाच फुटला असेल’ म्हणणारे.

उरली धरणावरची वसाहत. ती हातगाडीनं जाण्याइतकी जवळ नव्हती, भाड्याची गाडी करावी लागणार होती. काका म्हणाले, “तू नको येऊस. मी एकटा जाऊन आणतो.”

काकूंनी थापी खाली ठेवली. “माठ माझे आहेत,” म्हणाल्या. “मी येते.”

वसाहतीत धरणावरच्या इंजिनिअर बाई राहायच्या. त्यांच्या गॅलरीत काकूंचा माठ होता, पोटावर पांढरे ठिपके घेऊन. काकूंनी माफी मागितली. बाईंनी आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, आणि मग विचारलं, “पण तुम्ही तर नदीची माती वापरता ना? ही चुनखडीची कुठून आणली?”

काकूंनी सांगितलं. दरड, निळा थर, सगळं. बाईंनी माठावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“काकू, ती माती नदीनं दिली नाही,” त्या म्हणाल्या. “ती नदीनं खरवडून काढली. वाहतं पाणी डोक्यावर मातीचं ओझं घेऊन येतं. आमच्या भिंतीमुळं ते वरच थबकतं आणि ओझं खाली ठेवतं. मग मोकळ्या हातांनी तुमच्याकडे येतं, आणि मोकळे हात स्वस्थ बसत नाहीत. वाटेत जे सापडेल ते उचलत जातं. वरून नवीन काही येत नाही, खालचं होतं ते निघून जातं. म्हणून तुमचं पात्र खोल चाललंय.”

“मग माझी माती?” काकूंनी विचारलं. “पुराबरोबर यायची ती?”

“आमच्याकडे अडकलीय. जलाशयाच्या वरच्या टोकाला. जाड वाळू आधी बसते, बारीक माती जरा पुढं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते जुन्या वळणापाशी सगळं उघडं पडतं. खुशाल न्या, आम्हाला गाळ गेलेला हवाच आहे. पण तिथं टेकडीवरची माणसं कुणाला कुदळ मारू देत नाहीत. त्यांना विचारावं लागेल.”

जुनं वळण म्हणजे काकूंचं माहेर. आणि टेकडीवरच्या माणसांना विचारायचं म्हणजे दादाला.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. काकांनी हळूच विचारलं, “परत फिरायचं?” काकूंनी मान हलवली आणि गाडी टेकडीकडं वळवायला सांगितली.

दादा दारात बसला होता. बहीण येताना बघून तो उठला, आणि उठल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना. वहिनीनं पाणी दिलं. घर नीटनेटकं, सिमेंटचं, ओळीतल्या सगळ्या घरांसारखं. खिडकीतून खाली पाणी दिसत होतं. दादाची खुर्ची मात्र खिडकीकडं पाठ करून ठेवलेली होती.

काकूंनी आडपडदा न ठेवता मागितलं. माती हवी, उन्हाळ्यात, जुन्या वळणाची.

“आपल्या गावावर कुदळ मारायची?” दादा म्हणाला.

“गावावर नाही. गावावर साचलेल्या गाळावर.”

“त्याखाली आईचं घर आहे.”

“माझ्याही आईचं आहे, दादा.”

“हो? मग आजपर्यंत आठवण नाही झाली?” दादाचा आवाज चढला. “इथली माणसं दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली जातात. आधी भिंती दिसायच्या, उंबरठे दिसायचे. कुणाचं घर कुठलं ते पोरांना दाखवायचो. आता गाळानं तेही झाकलं. नुसता सपाट चिखल. त्या चिखलाकडं बघत उभे राहतो आम्ही. तू एकदा तरी आलीस? आज माती हवी झाली, तेव्हा माहेर आठवलं!”

काका उठायला लागले. काकूंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“खरं आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “का आले नाही ते सांगू? तुझं घर बुडालं ना, त्या वर्षी माझ्या अंगणात पहिल्यांदा पूर आला नाही. भट्टी कोरडी राहिली. दिवे लागले. आणि मला बरं वाटलं रे दादा. तुम्ही इथं घर सोडत होता आणि मी तिथं सुटले सुटले म्हणत होते. कुठल्या तोंडानं येणार होते?”

 वहिनी पदराशी चाळा करत राहिली. दादानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निघताना तो दारापर्यंत आला, पण मातीचं नाव त्यानं काढलं नाही आणि काकूंनीही परत काढलं नाही. गाडीत काका म्हणाले, “तुझंच घोडं पुढं दामटायचं होतं तर हे सांगायला नको होतं.” काकू म्हणाल्या, “घोडं मरू दे. सांगितलं ते बरं झालं.”

घरी येऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माती गाळायला फडकं घेतलं. निळी माती कालवायची, गाळायची, पुन्हा गाळायची. मनगटं भरून यायची. घरात येणाराजाणारा विचारायचा, काय हो काकू, चाळणी आणली वाटतं? काकू म्हणायच्या, “आणली. अक्कलही तिच्याबरोबरच मिळाली.” पण इतकं करून उरायची ती माती अशी चिकण की माठ आखडून लहान निघायचे, आणि त्यातून पाणी झिरपेना म्हणून ते म्हणावं तसं गार होईना. काकूंना ते स्वतःच्या नावाने द्यायची लाज वाटायची. शेवटी उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्या काकांना म्हणाल्या, “बादल्यांचं बघा तुम्ही.” काकांना वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. ते भट्टीमागं जाऊन बराच वेळ उगाच राख ओढत बसले.

बादल्यांचा माणूस यायचा त्या दिवशी सकाळी गल्लीत ट्रॅक्टर आला. काका म्हणाले, “इतक्या बादल्या?” ट्रॅक्टरवर दादा होता. मागची ट्रॉली काठोकाठ भरलेली, वर ओलं गोणपाट. दादा उतरला. ढोपरापर्यंत चिखल, डोळे झोप न झालेले.

काकूंनी गोणपाट सारलं. बोट बुडवलं. जिभेवर ठेवायची गरजच नव्हती, तरी ठेवलं. त्यांच्या ओळखीची माती होती ती. मऊ, राखाडी, सायीसारखी. तशाच चवीची.

“कुणी खणली?” त्यांनी विचारलं.

“आम्हीच. सगळ्यांना बसवून तुझं म्हणणं सांगितलं. जे लाजत बोललीस तेही सांगितलं. दोन म्हातारे रागावले, एक म्हातारी म्हणाली, पोरगी खरं बोलली, तिला द्या. मग म्हटलं, मारायचीच कुदळ तर परक्यानं कशाला, आपणच मारू. आपल्या घरापासून सुरुवात केली.” दादा थांबला.  ट्रॉलीच्या कडेला हात ठेवून तो उभा राहिला. “अगं, गाळ काढला तसा उंबरठा लागला. आईचा. आहे तसा. पायऱ्यांसकट. चल.”

“आत्ता?”

“मग काय पाणी चढल्यावर येतेस?”

काकूंनी हात धुतले नाहीत, चप्पल शोधली नाही. काकांनी बादल्यांच्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं काम मोठ्या आवडीनं अंगावर घेतलं.

जुन्या वळणावर उघडा पडलेला चिखल भेगाळून वाळला होता. त्यात कमरेइतका खड्डा आणि खड्ड्यात काळ्या दगडाचा उंबरठा. भोवती वस्तीतली माणसं. कुणी आपल्या घराची जागा पावलांनी चाचपत होतं, कुणी तिथं टिकाव रोवून ठेवला होता. काकू खड्ड्यात उतरल्या. उंबरठ्यावर दोन्ही हात ठेवून खाली बसल्या आणि मोठ्यानं, लाज न बाळगता रडल्या. दादा शेजारी येऊन बसला. त्यानं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही रडला, कारभारी असून.

मग काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मागं वळून चिखलाच्या भिंतीकडं बघितलं.

“स्वयंपाकघर या अंगाला होतं ना?”

“हो.”

“मग बसलायस काय? ती कुदळ दे इकडे.”